रानातल्या बिया आणि गळ्यातली माळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेत पाठ केलेल्या कविता म्हणून दाखवल्या असतील तेवढ्याच, त्यानंतर चारचौघींत उभे राहून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही. कार्यवाहबाई घरी येऊन म्हणाल्या, "वहिनी, या वर्षी तुम्हीच बोला, तुमच्या माळांविषयी." मी म्हटले, माळा टेबलावर मांडून ठेवते, ज्याला जे पाहायचे ते तो पाहील. पण त्यांनी काही ऐकले नाही. तेव्हा रोज हाताने जे करते तेच आज तोंडाने सांगते.

तुम्हांपैकी बहुतेकींना ठाऊक आहे की गेली नऊ वर्षे मी झाडांच्या बियांचे दागिने करते. माळा, कानांतली, हातांतली, अंबाड्यात खोवायच्या काट्या. त्यांत सोने नाही, चांदी नाही, प्लॅस्टिकचा मणी तर नाहीच. रतनगुंज, कसई, रिठा, सागरगोटा असले आपल्या परसातले आणि रस्त्याकडेचे सामान. दुपारी जेवणे उरकली की स्वयंपाकघराच्या खिडकीशी मी पाट घेऊन बसते, ती दिवेलागणीपर्यंत. लोक विचारतात, "वेळ जात नाही म्हणून करता का?" बायांनो, ज्या बाईच्या घरात सासू, नवरा, दोन मुले आणि एक म्हैस आहे तिचा वेळ जात नाही असे कधी झाले आहे का? वेळ काढते, म्हणून करते.

माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणते, "आई, शहरात अशा दागिन्यांना 'बोहो' म्हणतात." हे काय नवीन, म्हणून मी विचारले. तिने वाचून सांगितले ते असे. युरोपात गावोगाव भटकणारे जे लोक होते ते बोहेमिया नावाच्या मुलुखातून आले असे फ्रेंच लोकांना वाटे, म्हणून त्यांना त्यांनी तसे नाव दिले. पुढे घरदार, रीतभात न मानता आपल्या मर्जीने राहणाऱ्या चित्रकारांना आणि लेखकांनाही तेच नाव पडले, आणि त्यांच्यासारख्या सैल, रंगीबेरंगी कपड्यांना नि दागिन्यांनाही. गंमत अशी की ते भटके लोक मूळचे बोहेमियाचे नव्हतेच. त्यांची भाषा आपल्या उत्तर हिंदुस्थानातल्या भाषांच्या कुळातली आहे आणि त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी इकडूनच गेले. म्हणजे नाव जग फिरून पुन्हा आपल्याच दारात आले. आपल्याकडे विदर्भात, मराठवाड्यात लमाणांच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बायका कानांवर घुगरी-टोपली लोंबवत, ओढणीला कवड्या नि आरसे लावत, त्यांना कधी कोणी फॅशन म्हटले नाही. मागासलेपण म्हटले. आता तेच शहरातल्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवले की त्याला किंमत येते. असो.

मला विचाराल तर हे सारे आपल्या घरातलेच आहे. आपल्या जुन्या दागिन्यांची नावे नुसती म्हणून पाहा. बोरमाळ. जोंधळी पोत. जवाचे मणी. बकुळहार. चंपाकळी. केसांत केवडा, सूर्यफूल, गुलाबफूल. कानांवरचा वेल. पायाच्या बोटात मासोळी. कोल्हापुरी साजाची एकवीस पाने असतात असे सांगतात, त्यांत बेलपान आहे, कमळ आहे, शंख, मासा, कासव आहे, भुंगासुद्धा आहे. आमच्या आजेसासूबाईंकडे बोरमाळ होती. आत लाख भरलेली, वरून सोन्याचा पातळ पत्रा. त्या म्हणत, सोनाराने बोर जन्मात नीट पाहिले नसावे, एवढे गुळगुळीत बोर कोणत्या झाडाला लागते? दागिना घडवणारा पुरुष होता, पण घालणारी बाई होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे शेत होते, परस होते, नदी होती. तिने जे पाहिले तेच तिला गळ्यात हवे होते. माझा आपला तर्क आहे की सोन्याची बोरमाळ होण्याआधी कोणा गरीब पोरीने बोराच्या आठळ्यांचीच माळ ओवली असेल. त्याला पुरावा माझ्याकडे नाही. पण पोरी अजून ओवतात, तुम्हीही लहानपणी ओवल्या असतील.

आता बियांकडे येते. सगळ्यांत आधी कसई, कारण ती माझी सर्वांत लाडकी. काही जणी तिला रानजोंधळा म्हणतात. ओढ्याकाठी, शेताच्या पाणथळ बांधाला हे उंच गवत येते, पाने मक्यासारखी. पावसाळा सरला की त्याला टपोरे दाणे धरतात. पांढरे, राखी, काही तपकिरी, आणि असे चकचकीत की चिनी मातीचे वाटावेत. या दाण्याची खुबी अशी की त्याला भोक पाडावे लागत नाही. फुलाचा देठ दाण्यातून आरपार गेलेला असतो. दाणा वाळला की तो देठ सुईने ढकलून बाहेर काढायचा, की मणी तयार. देवाने आधी मणी केला आणि मग त्यात धान्य भरले म्हणा ना. नागालँडकडच्या बायका हे मणी दागिन्यांत आणि कपड्यांवर ओवतात, तिकडे याची मऊ सालीची जात खातातही. मथुरा-वृंदावनाकडे वैजयंतीची माळ म्हणून जी विकायला असते तीही याच दाण्यांची. आपल्याकडे मात्र हे गवत गुरे खातात किंवा बांध साफ करताना कापून टाकतात. माझी विनंती आहे, कापायच्या आधी मला हाक मारा.

दुसरी रतनगुंज. सावंतवाडीच्या वाटेवर तिची मोठी झाडे अजून आहेत. शेंग वाळली की पिळवटते, फुटते आणि तांबड्यालाल बिया खाली सांडतात. उन्हाळ्यात झाडाखाली कुंकू सांडल्यासारखे दिसते. त्या बीचा रंग उडत नाही, पाण्याने जात नाही, उन्हाने विटत नाही. मी नऊ वर्षांपूर्वी केलेली पहिली माळ अजून तशीच आहे. केरळात हिला मंजाडी म्हणतात, गुरुवायूरच्या देवळात मोठ्या उरुळीत या बिया भरून ठेवलेल्या असतात आणि लहान मुलांना त्यांत हात घालून बिया ओंजळीने वर-खाली करायला देतात. माझ्याकडे येणारी मुलेही तेच करतात, कोणी शिकवावे लागत नाही. डबा दिसला की हात आत.

पण ही बी कठीण, फार कठीण. सुई लावली तर सुई मोडते. सुरुवातीला मी सुताराचा जुना सामता आणून पाहिला, तर बी टणकन उडून चुलीत गेली. पुढे आपल्या चितार आळीत लाकडी फळे नि खेळणी करणारे जे कारागीर आहेत, त्यांच्यापैकी एकांना मी ठोकळा करून मागितला. ठोकळ्याला बीच्या मापाच्या खाचा, वरून दुसरी फळी दाबायची, फळीला बारीक भोके. आता बी हलत नाही. विजेवर चालणारे लहान ड्रिल मी पहिल्या दोन वर्षांच्या कमाईतून घेतले. त्याची सुई एक मिलिमीटरची. एका बीला मिनिट-दीड मिनिट लागते. जोर दिला की बी तापते आणि तडकते, म्हणून मध्ये थांबून फुंकर घालायची. नाकावर रुमाल बांधायचा, कारण बियांचा भुगा छातीत जाऊ देऊ नये.

रिठ्याची काळी बी नि सागरगोटा यांच्याविषयी फार सांगत नाही, तुम्हांला दोन्ही ओळखीचे आहेत. रिठ्याची साल केसांना आणि रेशमी साडीला वापरायची, बी फेकून द्यायची, अशी आपली रीत. ती फेकू नका. तेलाचा हात फिरवला की ती जी काळी झळकते, तिच्यापुढे काचेचा मणी फिका. सागरगोटे खेळून झिजलेले असतील तर उत्तमच. एका आजींनी मला त्यांच्या लहानपणचे पाच सागरगोटे दिले, त्यांच्या नातीसाठी त्याचे गळ्यातले केले. तिसरा बजरबट्टू, जो दृष्ट लागू नये म्हणून पाळण्याला बांधतात. तो एका ताडाच्या जातीच्या झाडाचा. ते झाड तीस-चाळीस वर्षे, कधी त्याहून पुष्कळ जास्त, नुसते वाढते. आयुष्यात एकदाच फुलते, फळते आणि मरते. हे कळल्यापासून मी बजरबट्टू एका माळेत एकापेक्षा जास्त घालत नाही. शास्त्र काही नाही त्यात, माझे मन.

सगळ्या बियांना एक शत्रू, तो म्हणजे टोका. बी वरून धड दिसते, आत किडा असतो, आणि माळ विकल्यावर महिन्याने भुसा पडू लागतो. त्यासाठी बिया आठ दिवस कडक उन्हात, मग घट्ट डब्यात घालून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात आठ दिवस. म्हणजे अंडी असली तरी मरतात. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी बर्फ म्हणून डबा उघडला आणि आत तांबड्या बिया पाहून त्या डाळिंबाच्या समजून तोंडात टाकू लागल्या, इतपत प्रसंग घडले आहेत.

हसू नका, कारण आता जे सांगणार आहे ते हसण्यासारखे नाही. ते गुंजेविषयी.

गुंज म्हणजे ती लहान, लाल, काळ्या टिकलीची. तिच्याइतकी देखणी बी मी पाहिलेली नाही. श्रीकृष्णाच्या गळ्यात गुंजांची माळ वर्णिली आहे. सोनार तिने सोने तोलत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे शहाण्णव गुंजांचा तोळा. आजच्या हिशेबाने तोळा ११.६६ ग्रॅमचा, तेव्हा एक गुंज साधारण १२० मिलिग्रॅम भरते. १९५६ सालच्या कायद्याने पुढे किलो-ग्रॅम आले आणि गुंज तराजूतून उतरली, पण 'गुंजभर सोने' आपल्या बोलण्यात राहिलेच. अशी मानाची बी. आणि ही बी विषारी आहे. तिच्यातल्या विषाला ॲब्रिन म्हणतात. ते शरीराच्या पेशींना लागणारी प्रथिने तयार होऊच देत नाही, आणि त्यावर उतारा असा अजून नाही. सबंध बी गिळली तर तिचे कवच इतके कठीण की ती पुष्कळदा तशीच बाहेर पडते. पण चावली तर, फुटकी असली तर, किंवा ओवण्यासाठी भोक पाडलेली असली तर विष बाहेर येण्याला वाट झाली. म्हणजे माळेतली गुंज वेलीवरच्या गुंजेपेक्षा धोक्याची. उलट्या, जुलाब लगेच सुरू होतात असेही नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही होतात. म्हणून मूल अजून खेळते आहे, काही झालेले दिसत नाही, असे म्हणून घरी बसायचे नाही. उरलेली बी हातात घेऊन सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

काही जणी म्हणतील, गुंजेचा पाला तर आपण विड्यात घालतो, गोड लागतो. पाला निराळा, बी निराळी. एकाच वेलीवरचे दोन्ही, पण पाल्यावरून बीची परीक्षा करू नये. आणि हे मी अडाणीपणाची भीती म्हणून सांगत नाही. इंग्लंडात कॉर्नवॉलमध्ये ईडन प्रोजेक्ट नावाची मोठी बाग आहे, जगभरची झाडे जोपासणारी. तिच्या दुकानात पेरू देशातून आलेली गुंजांची कांकणे विकली जात होती. २०११ साली ती सारी लोकांकडून परत मागवावी लागली. झाडांतल्या जाणत्यांच्या दुकानातून जर ती सुटली, तर जत्रेतल्या पालावरून सुटायला किती वेळ?

दोन वर्षांपूर्वी एका शहरातल्या दुकानदारांनी मला फोन केला. बाळांच्या मनगट्या हव्या होत्या, काळा मणी आणि मधे गुंज, दीडशे नग, नगाला साठ रुपये. नऊ हजार रुपये झाले. त्या महिन्यात मुलीच्या वसतिगृहाचे पैसे भरायचे होते आणि आमच्या ह्यांचे काम पावसाने बंद होते. मी त्यांना सांगितले, गुंज मी ओवणार नाही, आणि बाळाच्या हातात तर मुळीच नाही. बाळ जे मिळेल ते तोंडात घालते. ते म्हणाले, "अहो बाई, आजवर कोणी मेले का? परंपरा आहे." मी म्हटले, परंपरेत गुंज सोनाराच्या पेटीत होती, बाळाच्या तोंडात नव्हती. आयांसाठी रतनगुंजेची कांकणे करून देते, बाळासाठी सुती गोंडा करते, असे सुचवले. त्यांनी फोन ठेवला आणि दुसरीकडून करून घेतल्या. आमच्या घरात चार दिवस याची चर्चा झाली. सासूबाई मात्र पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बरा केलंस." वसतिगृहाचे पैसे म्हशीच्या दुधाच्या आगाऊ उचलीतून भरले. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. तुमच्या घरी असली मनगटी आली असेल तर आज रात्रीच काढून ठेवा, एवढ्यासाठी सांगते.

आता पैशाची गोष्ट. ती बोलायला आपल्याला लाज वाटते, पण कार्यवाहबाईंनी मला बोलायला उभे केले आहे तर बोलते. मागच्या वर्षी आपल्याच मंडळाच्या विक्रीत माझ्या टेबलापाशी एक वहिनी आल्या. माळ आवडली, गळ्याला लावून पाहिली. किंमत विचारली. मी दोनशे पन्नास सांगितली. त्या म्हणाल्या, "अगो बाय, रस्त्यार पडलेल्या बियांचे अडीचशे?" त्यांचे नाव मी घेणार नाही, त्या समोरच बसल्या आहेत आणि मला प्रिय आहेत. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले होते, ते आज देते.

बी रस्त्यावर पडलेली, खरे आहे. तिचे मी काहीच लावत नाही. एका माळेला ऐंशी बिया लागतात, म्हणून मी शंभर घेते, दहा-पंधरा तडकतात, काही मापाला बसत नाहीत. निवडणे, धुणे सोडून द्या, ते मी डाळ शिजेपर्यंत करते. भोके पाडायला दोन तासांच्या वर. तेल लावून पुसायला अर्धा तास. मग गाठवणे. प्रत्येक बीनंतर एक गाठ, म्हणजे धागा तुटला तरी सगळी माळ विखरत नाही. पूर्वी पटवेकरी रेशमात जसे गाठवत तसे. मेण लावलेला सुती धागा घेते, नायलॉन घेत नाही, ते मानेला काचते. गाठवण्याला पावणेदोन तास. सगळे मिळून साडेचार तास. धागा, मेण, फासा आणि कागदी पुडी यांना पस्तीस रुपये. अडीचशेतून पस्तीस गेले, उरले दोनशे पंधरा. साडेचार तासांचे. तासाला अठ्ठेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात ड्रिलच्या सुया मोडतात त्या धरलेल्या नाहीत, डोळ्यांचा चष्मा धरलेला नाही.

एका दुकानाने माझ्या माळा एकशेवीस रुपयांनी घेतल्या होत्या. वीस माळा दिल्या. पुढे माझ्या चुलत जावेने त्याच दुकानात ती माळ पाहिली, चिठ्ठीवर साडेसहाशे. साडेसहाशे लावले याचे मला दुःख नाही, दुकानाला भाडे असते, माणसे असतात. पण मला एकशेवीसमधून तासाला एकोणीस रुपये मिळाले आणि वर ते म्हणाले, "बाई, तुम्हाला घरबसल्या काम मिळते आहे." हे 'घरबसल्या' फार लबाड आहे. घरी बसून केले की ते काम नव्हे, ती हौस. हौसेला मजुरी नसते. भोक पाडणारा तोच हात, तीच पाठ, पण उंबऱ्याच्या आत असली की फुकट.

या 'घरबसल्या'शी भांडणाऱ्या बायका आपल्या आधी होऊन गेल्या आहेत. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्याचेच पुढे लिज्जत झाले. पापड काय, आपण सगळ्याच लाटतो. त्यांनी लाटलेला पापड मोजला, एवढाच फरक. अहमदाबादला इला भट्ट यांनी १९७२ मध्ये सेवा ही संघटना काढली ती अशाच बायकांसाठी, घरी विड्या वळणाऱ्या, गोधड्या शिवणाऱ्या, फेरीने भाजी विकणाऱ्या. घरी केलेल्या कामाला काम म्हणावे, यासाठी १९९६ साली जिनिव्हाला सगळ्या देशांचा करार झाला, त्यासाठी झटणाऱ्यांत सेवेच्या बायका होत्या. आपल्या पंढरपुरात काशीकापडी समाजाची कितीतरी घरे तुळशीच्या माळा करून जगत आली आहेत. तुळशीची काडी तासायची, मणी कातायचा, ओवायचा. ती माळ आपण डोळ्यांना लावतो, कपाळाला लावतो, आणि देवळाच्या वाटेवर तिच्यासाठी पाच रुपये कमी करून मागतो. मीही घासाघीस करणाऱ्या घरातली आहे, म्हणून सांगते, बाजारात करा, पण एकदा हाताकडे पाहून करा.

माझ्या किमतीत मी यंदा बदल केला आहे. रतनगुंजेची गाठवलेली माळ तीनशे. कसईची, भोक पाडायचे नसल्यामुळे, एकशेऐंशी. ज्यांना परवडत नाही त्यांनी सांगावे, धागा नि बिया देते, शेजारी बसून तुम्ही करा. उधार चालेल. "फुकट दे गो" चालणार नाही, सख्ख्या नणंदेलाही नाही. नणंदबाई मागे बसून हसताहेत.

झाडांविषयी दोन शब्द राहिले. मी झाडावर चढत नाही, फांदी ओढत नाही, कच्ची शेंग तोडत नाही. खाली पडलेले वेचायचे, तेही सगळे नाही. शाळेकडच्या वळणावर रतनगुंजेची दोन झाडे होती, रस्ता रुंद करताना गेली. तेव्हा मला कळले की माझ्या दुकानाचा माल दुसऱ्याच्या कुऱ्हाडीच्या हाती आहे. माळेत ओवलेली बी मातीत पडत नाही, म्हणून आता मी दर माळेमागे दोन बिया लावते. तशाच पुरल्या तर महिनोन् महिने पडून राहतात, कवच पाणी आत घेत नाही. एका बाजूला कानशीने थोडेसे खरवडायचे आणि रात्रभर पाण्यात ठेवायचे. सकाळी फुगलेली दिसली की लावायची. परसात पंधरा रोपे तयार आहेत. ज्यांच्या कुंपणाला जागा आहे त्यांनी पावसाआधी घेऊन जावीत, त्याचे पैसे नाहीत. पाच-सात वर्षांनी बिया धरल्या की मला वेचू द्या म्हणजे झाले.

शेवटी कार्यवाहबाईंनी सांगायला सांगितलेले. पुढच्या महिन्यापासून दर गुरुवारी दुपारी तीन ते पाच मंडळाच्या खोलीत मी माळा शिकवणार आहे. आठ जणींपुरती जागा आहे, कारण ठोकळे आठच आहेत. चार गुरुवारांचे मिळून दोनशे रुपये, त्यांतले पन्नास मंडळाला. येताना जुनी सुती ओढणी किंवा रुमाल नाकाला बांधायला, चष्मा असेल तर चष्मा, आणि घरात पडून असलेल्या रिठ्याच्या बिया आणाव्यात. पहिले दोन गुरुवार नुसती कसई, तिसऱ्यापासून ड्रिल. लहान मुलांना त्या दिवशी आत घेता येणार नाही. गुंजा कोणी आणू नयेत. टेबलावर झाकण लावलेल्या बाटलीत चार ठेवल्या आहेत त्या फक्त ओळख पटावी म्हणून, बाटली उघडू नका. नावे कार्यवाहबाईंकडे द्यावीत, वही दाराशी आहे.